प्याल्यातली दुसरी चिठ्ठी

प्रिय शांतवनदादा,

सलाम!

परवा कन्नडला जाऊन आलो. तुम्हाला माती देऊन आठ दिवस झाले होते, वहिनींना एकटं वाटत असेल म्हणून गेलो. निघताना रूथवहिनींनी तुमचं पवित्र शास्त्र उघडलं, आत घडी करून ठेवलेला कागदाचा कपटा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. अक्षर माझं होतं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. चार वर्षं तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही आणि आता पत्र लिहायला बसलोय. केवढा शहाणा पाळक मिळाला होता तुम्हाला!

तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हे आता कळलं. तरीही एकदा माझ्या तोंडून ऐका.

मुकुंदवाडीच्या आपल्या चर्चच्या मंडळीला माझ्या जोडीला सहपाळक निवडायचा होता. नावं दोनच, तुमचं आणि प्रशांतचं. आपली रीत जुनी. तीन शुक्रवार उपास आणि प्रार्थना, मग रविवारी दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या प्रभुभोजनाच्या प्याल्यात टाकायच्या आणि वयानं सगळ्यात मोठ्या बाईनं डोळे मिटून एक उचलायची. जे नाव निघेल ती देवाची निवड. मग त्यावर कुणी बोलायचं नाही.

पण माझं डोकं पहिल्या शुक्रवारच्या आधीच कामाला लागलं होतं. प्रशांत शिकलेला, कंपनीत साहेब. त्यानं माईक हातात घेतला की तरुण पोरं जागची हलायची नाहीत. तुम्ही आठवी पास, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, उपदेशात चार ठिकाणी अडखळणारे. आणि खरं सांगू? तुम्ही मला तोंडावर बोलायचात. प्रशांत माझ्या शब्दाबाहेर नव्हता. हे कारण मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

तुम्हाला वास आला होता का हो? एकदा उपासना सुटल्यावर म्हणालात, "पाळकसाहेब, लई घाई करता तुम्ही. जरा दम धरा. प्रभूला इचारू की."

"दादा, मग देवानं डोकं कशाला दिलंय?" मी म्हणालो.

"व्हय, दिलंय की. पन त्याच्याम्होरं वाकवायला बी दिलंय."

मी हसलो. किती फुशारकीनं हसलो होतो, आठवतं?

त्या रविवारी सकाळी मागच्या खोलीत बसून मी दोन्ही चिठ्ठ्यांवर प्रशांतचं नाव लिहिलं. देवाला थोडी मदत करतोय, असंच वाटत होतं! मार्थाआजींनी डोळे मिटून चिठ्ठी उचलली, मी ती मोठ्यानं वाचली, आणि सगळ्यांच्या आधी उठलात तुम्ही. प्रशांतला मिठी मारून म्हणालात, "देवानं निवडलंय तुला. मी हाय तुझ्या पाठीशी."

एवढं सगळं योजणाऱ्या माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नाही. उपासना संपली की प्याला धुतं कोण? वर्षानुवर्षं तुम्हीच धूत होतात, मागच्या नळावर, धोतराला पाणी लागू नये म्हणून अंग चोरून उभं राहत. आणि उरलेली चिठ्ठी प्याल्यातच होती! मी दारात उभा राहून लोकांशी हात मिळवत होतो. आठवण झाली तेव्हा प्याला धुऊन कपाटात पालथा ठेवलेला होता. दादांनी न बघताच कागद फेकला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

का नाही बोललात त्या दिवशी? पुढच्या रविवारी नेहमीसारखे आलात, बाकांवर गीतांची पुस्तकं मांडलीत, मला सलाम केलात. माझी गचांडी का नाही धरलीत? माझा थोडा रागच येतो तुमच्यावर.

दोन महिन्यांनी तुम्ही कन्नडला राहायला गेलात. पत्र्याच्या शेडमध्ये सहा घरांची माणसं जमवून प्रार्थना सुरू केलीत. दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. "एकदा या की कन्नडला, पाळकसाहेब. बसू, बोलू." मी म्हणायचो, काम फार आहे. काम कसलं डोंबलाचं! तुमच्या डोळ्यांना डोळा देता येत नव्हता.

प्रशांतला बोल लावणार नाही. त्यानं त्याच्या परीनं केलं. पण मार्थाआजी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना माईकवरचा उपदेश नको होता. मी गेलो की विचारायच्या, "शांतवन येत नाय का रे आता?" मी सांगायचो, लांब राहतात ते. कुणी लांब घालवलं, हे सांगितलं नाही. विचारता विचारताच त्या गेल्या.

परवा मी वहिनींना विचारलं, "दादांना केव्हा कळलं?"

"पयल्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "मी लई भांडले. म्हणलं, जावा, दाखवा समद्यांना. तर म्हणले, नाय, ते पाळकसाहेबांच्याच तोंडून आलं पायजे. मी इचारलंय प्रभूला. ते येतील कन्नडला, मला सांगतील. म्हनून तर सारखं बोलवायचे तुम्हाला."

दादा, मी आलो तो तुम्हाला माती द्यायला!

माझं डोकं अजून गप्प बसत नाही. म्हणतं, बघ, तू तसं केलंस म्हणून तर कन्नडची मंडळी उभी राहिली, देवानं वाकडं सरळ केलं. देवानं केलं असेलही. पण दोन्ही चिठ्ठ्या याच डोक्यानं लिहिल्या होत्या. आता मी त्याचं ऐकणार नाही.

प्रशांतची पुण्याला बदली झालीय. येत्या रविवारी पुन्हा चिठ्ठ्या आहेत. कालच्या बैठकीत सगळे विश्वासानं म्हणाले, "मागच्या खेपेला देवानं दाखवलं, तसंच आता दाखवील." माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

म्हणून तुम्हाला शब्द देतो. रविवारी चिठ्ठी काढायच्या आधी मी उभा राहीन, तुम्ही जपून ठेवलेली चिठ्ठी वाचीन आणि ती कुणी लिहिली ते सांगेन. वहिनींना बोलावलंय, त्या पहिल्या बाकावर असतील. मंडळी मला ठेवेल की काढेल, याचा या वेळी मी अंदाज बांधलेला नाही. चिठ्ठ्या दुसरं कुणीतरी लिहील. उपासना संपली की प्याला मी धुईन, मागच्या नळावर. आणि मग मिळेल त्या एसटीनं कन्नडला, तुमच्याकडं.

तुम्ही ज्याची वाट बघत राहिलात, तो
मनोहर