चौथ्या पुस्तकाचा नंबर

सोमवार, ३ नोव्हेंबर

सुट्टी संपली, सहावं पुस्तकही संपलं. आता निकाल लावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. जन्मभर पेपर तपासले — हात शिवशिवतात.

हॉकी म्हणून उघडलं होतं! सम्यकने नवा टॅब घेतला आणि जुना मला दिला. 'मम्मी, तुझं शाळेचं ट्रेनिंग यावर बघ.' त्यात ही सहा इंग्रजी पुस्तकं आयतीच होती. वाटलं, फ्रिजबरोबर बाटल्या देतात तशी टॅबबरोबर देत असतील. इंग्रजी सुधारेल म्हणून पहिलं घेतलं. कॅनडातलं कुठलंसं थंडगार गाव, तिथली बर्फावरची हॉकी टीम, आणि दर पुस्तकात त्या टीममधला कुणीतरी एखाद्या पुरुषाच्याच प्रेमात पडतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा टॅब उशीखाली सारला. घरात मी एकटीच होते, तरी! थोड्या वेळाने परत काढला. मग सोडवेना.

तर निकाल. पहिला नंबर पाचव्याला. दोन म्हाताऱ्यांचं — रिटायर झालेला कोच आणि मैदानावरचा बर्फ सारखा करणारी गाडी चालवणारा माणूस. एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवतात. आमचे हे शेवटच्या वर्षी माझी बीपीची गोळी आधी काढून ठेवायचे आणि मग स्वतःची घ्यायचे. ते आठवलं. पन्नासपैकी सत्तेचाळीस. दुसरा नंबर पहिल्या पुस्तकाला, गोलकीपरचं. फार रडवलं. तिसरा नंबर टीममधल्या सगळ्यात धाकट्याच्या पुस्तकाला. त्याखाली भांडखोर कॅप्टनचं — भांडण तीनशे पानं आणि कारण पाहावं तर एका ओळीचं. मग डॉक्टरचं. तो डॉक्टर पेशंट सोडून बाकी सगळं तपासतो. त्याला काठावर पास केलं.

शेवटचा नंबर चौथ्या पुस्तकाला. नापास. त्यात वाद नाही.

एक सोय मात्र आवडली. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करून दिल्यात, गाईडमध्ये जाड ठशात देतात तशा. मीही काही ओळी रंगवल्या, बाजूला शेरे टाइप केले. मास्तरीण ती मास्तरीणच.

सम्यकचं तेवढं कळत नाही. माझ्या नणंद, सुंदराआक्का, सुट्टीत देवनारहून आल्या होत्या. नेहमीप्रमाणे त्यांनी त्याच्यासाठी मुलगी बघायचा विषय काढला. इतकी वर्षं हा 'आत्या, नंतर बघू' म्हणायचा. या वेळी म्हणाला, 'ठरव तू.' मला आनंद व्हायला हवा होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पौर्णिमा. विहारात वंदनेला गेले. चपला काढतानाच शेजारच्या इमारतीतली शेवंती — 'सम्यकचं जमलं म्हणे!' म्हणजे आक्कांनी दवंडी पिटली. सोळा तारखेचा रविवार ठरलाय, मुलीकडचे आमच्याकडे येणार. मुलगी तेजल, मुलुंडला राहते, लॅबमध्ये कामाला आहे. आक्कांनी फोटो पाठवला. चेहरा हसरा आहे, मला आवडली.

सम्यकला फोटो दाखवला. त्याने टॅबकडे पाहिलं, फोटोकडे नाही. 'तू म्हणशील तसं, मम्मी.'

अठ्ठावीस वर्षांत हा पोरगा मी म्हणेन तसं कधी वागलाय?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत तेरेसाला टॅब दाखवला. ती माझ्यासारखीच चौथीला शिकवते, गोराईहून होडीने येते. बर्फावरची हॉकी म्हटल्यावर तिला हसू आवरेना. 'आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. त्यावर कोण नाचतंय?' प्रेमाच्या भानगडी तिला सांगितल्या नाहीत. फक्त पिवळ्या ओळी दाखवल्या आणि विचारलं, चौथ्या पुस्तकात एवढ्या आहेत, मग पाचव्यात काहीच महत्त्वाचं कसं नाही?

तिने माझ्याकडे बघितलं. 'नीलम, हे छापलेलं नाय गं. वाचणाऱ्याने बोटाने केलंय. टॅब कुणाचा?'

सम्यकचा, म्हटलं.

'मग खातंही त्याचंच असणार. तो मोबाईलवर खुणा करतो त्या तुला इथे दिसतात. तू करतेस त्या त्याला तिथे.' तिच्या घरीही तसंच आहे. प्रार्थनेच्या पुस्तकातल्या तिच्या खुणा बघून तिचा मुलगा डेल्रॉय तिला चिडवतो म्हणे.

मी टॅब पर्समध्ये टाकला. 'काय झालं गं?' काही नाही, म्हटलं.

पुढच्या तासाला फळ्यावर साधा भागाकार चुकला. पोरांनी दुरुस्त केला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तेरेसाने आणखी एक सांगितलं होतं — ओळीशेजारी बारीक चौकोन असला तर त्यावर बोट ठेवायचं, आत लिहिलेलं उघडतं. आज ठेवलं.

चौथं पुस्तक. शेवटच्या मॅचला निघालेली बस. तो पोरगा बसमधून आईला फोन लावतो आणि स्वतःबद्दल सांगून टाकतो. त्याआधी मित्राला म्हणतो, मला शूर व्हायचं नाही, मला घरी यायचंय. ही ओळ पिवळी आहे. शेजारी चौकोन. आत एकच शब्द.

'मम्मी?'

आणि त्याच्या खाली, त्याचं न उघडताच टाइप केलेला माझा शेरा. 'नापास. शेवटचा नंबर.'

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळपासून एकच हिशेब जुळवतेय, आणि तो जुळतोय याचंच वाईट वाटतंय.

शेरा लिहिला तो दिवस आठवतो. पुढची दोन अजून वाचायची होती, तरी शेवटचा नंबर देऊन टाकला होता. कारणही लिहायचं होतं. मी कुणाला विनाकारण नापास करत नाही, पालक भांडायला येतात. पण कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उठले आणि राहून गेलं. दुसऱ्याच संध्याकाळी आक्का आल्या. आणि हा म्हणाला, 'ठरव तू.'

पुस्तकं तो विसरला असेल का टॅबमध्ये? ऑफिसला जाताना दोनदा कुलूप ओढून बघणारा पोरगा. माझे फोटो वेगळे काढून, सगळं पुसून, अक्षरं मोठी करून टॅब दिला त्याने. बाकी सगळं पुसलं आणि ही सहाच ठेवली. विसरला नाही. त्याने माझ्यासमोर पेपर ठेवला होता. मी उत्तर दिलं.

आता खरं लिहू? त्या पोरांसाठी मी रडले. एक सोडून सगळ्यांना पास केलं. परक्याच्या पोरांना पास करायला काय जातं? ती कॅनडात राहतात. विहारात कुणी मला त्यांच्याबद्दल विचारत नाही, आक्का त्यांची आत्या नाही. घरातल्या पोराची पाळी आली तेव्हा आधी आक्का आणि शेवंतीच आठवल्या. लोक काय म्हणतील याची भीती वाटते. वाटते ती वाटते, वहीशी कशाला खोटं बोलू. हे असते तर काय म्हणाले असते तेही कळत नाही, आणि विचारायची सोय नाही.

पण त्याहून जास्त टोचतं ते वेगळं. माझं पोर एवढे दिवस या घरात नापास होऊन जेवतंय, आणि मी त्याला विचारतेय, अजून भात वाढू का.

रविवार, ९ नोव्हेंबर

रविवारचे पोहे तो करतो. आजही केले. मीठ जास्त पडलं होतं. दोघांनी तसेच संपवले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज विचारायचंच असं ठरवून उठले. तो शर्टाला इस्त्री करत होता. आकाशी शर्ट, रविवारसाठीचा. इतक्या आधी!

'सम्यक, मुलगी बघायची आहे ना तुला? मनापासून?'

'तुला बरं वाटेल ना?'

'मी तुझं विचारतेय.'

इस्त्री थांबली. वाटलं, आता बोलतो. मी काही म्हणायला हवं होतं. बाळा बोल, एवढं तरी. पण मी काय म्हणावं? 'कॉलर नीट कर.' जळो माझी जीभ. तो 'हो' म्हणाला आणि अंधेरीला ऑफिसला निघून गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं. हा हल्ली माझ्याशी पाहुण्यासारखा वागतो. पाणी आणून देतो, थँक्यू म्हणतो.

आणि ती तेजल! तिने कुणाचं काय वाकडं केलंय? ती पण कुठेतरी साडीला इस्त्री करत असेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शाळेत आपण फेरतपासणी करतो. पालक अर्ज देतात, पेपर परत काढायचा. दुसऱ्या रंगाच्या पेनाने गुण बदलायचे आणि बाजूला सही करायची. सकाळी वाटलं, तेच करावं. चौथ्याला पहिला नंबर देऊन मोकळं व्हावं.

चहा घेताना पुन्हा तो भाग वाचला. नाही जमलं! वाईट लिहिलाय तो वाईटच आहे. खोटे गुण दिले तर त्याला लगेच कळेल. लहानपणी चित्राला उगाच छान म्हटलं की फाडून टाकायचा. म्हणून गुण तेच ठेवले. राहून गेलेलं कारण तेवढं लिहिलं, त्याच्या 'मम्मी?'च्या खाली, माझ्या शेऱ्याला जोडून:

'गुण कापले कारण पोराने आईला फोनवर सांगितलं. सगळ्या टीमला ठाऊक, बसच्या ड्रायव्हरलाही ठाऊक, आणि आईला सगळ्यात शेवटी, तेही आवाज तुटत असताना. तिला त्याचा चेहरा दिसला नाही. त्याला तिचा दिसला नाही. ती गप्प बसली ते रागाने की रडत होती, त्याला कसं कळणार? बाकी पोरगा गुणी आहे. त्याच्यात काहीच चूक नाही. समोर उभा राहून बोलला असता तर पहिला नंबर होता.'

'काहीच चूक नाही' हे लिहून पुसलं, परत लिहिलं. शाळेला उशीर झाला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चौकोनात नवं काही नाही. फक्त माझंच.

त्याने ते पुस्तक कायमचं बंद केलं असलं तर?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शाळेत बालदिन. पोरं फुगे फोडत होती आणि मी दर फुग्याला दचकत होते. तेरेसाने हातात केक ठेवला. 'घरी ठीक आहे ना सगळं?' होईल, म्हटलं. ती चांगली आहे, पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी आक्कांचा फोन. 'साडी कुठली नेसतेस? पोहे नको करू, इडली कर, मुलुंडची माणसं आहेत.' ऐकत होते. मग तोंडातून निघून गेलं — 'आक्का, रविवारी त्यांना येऊ नका म्हणावं.'

'का गं?'

'माझी तयारी नाही.'

'तुझी? लग्न तुझं आहे का?' मग जे सुरू झाल्या! भाऊ गेला तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, पोराला पदराला बांधून ठेवायचंय, सून नकोय मला. सगळं ऐकून घेतलं. मी तेवढी वाईट ठरले तर ठरू दे. तेजलचं नाव खराब होऊ देऊ नका, चूक माझी सांगा, एवढं मात्र दोनदा बजावलं. आक्कांनी फोन आपटला.

सम्यक आल्या आल्या सांगून टाकलं. 'रविवारचं मी रद्द केलं. आत्या माझ्यावर चिडलीय, तुझ्यावर नाही.'

तो बूट हातात धरून दारातच उभा राहिला. 'का?'

सगळं ओठांवर आलं होतं. पण बोलायचं त्याचं आहे. मी त्याच्या वतीने बोलले तर तेही ओढून घेतल्यासारखंच. म्हटलं, 'तू चौथं पुस्तक परत बघ. मी कारण लिहायचं विसरले होते.'

त्याने बूट खाली ठेवले, नीट, जोडीने. खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. जेवायला आला नाही. मी हाक मारली नाही. बरोबर केलं की वाट लावली, काही कळत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी डाळ शिजायला लावली होती. सम्यक आत आला. डोळे लाल. ओट्यापाशी, माझ्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

'मम्मी, फोन बाहेर ठेवून आलोय.'

पहिली शिट्टी व्हायची होती. मी गॅस बंद केला.