काडतुसातला रवा

अण्णा, तुम्ही ठाकुरांना तीन हिवाळे रवा चारलात आणि त्यांना तो शेवटपर्यंत कळला नाही. तीर्थरूप वगैरे वर काही घातलेलं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा स्पष्टच लिहिते. समोरच्याला बरं वाटेल तेवढंच बोलायचं ही तुमची रीत होती, माझी नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणून तुम्ही चांगले होता. हे मान्य करावं लागतं, आणि म्हणूनच चीड जास्त येते. बस्सीच्या पलीकडच्या जहागिरीतून ठाकूर आपला दुखरा खांदा घेऊन जयपूरला तुमच्याकडे आले, तेव्हा हाडाचा फोटो बघून तुम्ही घरी आईला म्हणालात, "या माणसाने आता बंदुकीला हात लावू नये." हे घरी. दुसऱ्या दिवशी बनी पार्कच्या आपल्या घराच्या व्हरांड्यात त्यांच्यासमोर काय, तर "हुकम, ऐसा कंधा तो जवानों का नहीं होता!" मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. चहाचा ट्रे हातात होता. मी तो तसाच परत आत नेला.

त्यांच्या आजोबांची ती विलायती रायफल. एका वेळी एकच गोळी बसायची, नळीत माझा अंगठा सहज जायचा, आणि धक्का असा की तरणाबांड माणूसही एक पाऊल मागे सरकायचा. तिची काडतुसं विलायतेहून यायची बंद झाली होती. झाडलेली पितळी नळकांडी जपून ठेवायची आणि पुन्हा भरायची, एवढाच मार्ग. ते काम तुम्ही आपण होऊन अंगावर घेतलंत. कशासाठी? जीपमध्ये पुढची जागा आणि चारचौघांत "यह डाक्टर साहब के हाथ का माल है" एवढं ऐकायला मिळावं म्हणून.

रविवारची सकाळ. शेगडीवर शिसं वितळतं आहे. साचा अजून तापलेला नाही म्हणून पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. तुम्ही त्या परत कढईत टाकता. आई दारात उभी.

"ही माझी फोडणीची कढई आहे."

"नवीन आणून देईन."

"आणि त्या गोळ्यांना चोळायला चरबी आणलीत, तर नवीन बायकोही आणा. मी चालले सांगलीला."

तुम्ही हसता. चरबीऐवजी मेण आणि एरंडेल येतं. तुमच्या हाताला धीर नाही, म्हणून दारू तोलायचं काम माझं. नळकांड्याच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, तोललेली दारू ओतायची, वर पुठ्ठ्याची चकती, मग गोळी. ठाकुरांना वाटतं हे सगळं तुम्ही करता. तुम्ही त्यांना तसंच वाटू देता.

मग एका रविवारी तुम्ही म्हणालात, "थोडी कमी घाल."

"वर पोकळी राहील ना."

"रवा भर. जाडा."

"अण्णा, गोळी खाली पडेल."

"ते जवळूनच मारतात गं. खांद्याला लागलं नाही की माणूस खूश."

शिऱ्याचा रवा गेला म्हणून आई दिवसभर बोलत होती. तुमचा रुग्ण मात्र पुढच्या शिकारीहून परतला तो छाती काढून. "डाक्टर साहब, अब तो धक्का मालूम ही नहीं होता! अभी बहुत उमर पड़ी है." तुम्ही म्हणालात, "हुकम, मैंने तो पहले ही कहा था." बंदूक सोडा, हे एक वाक्य सांगणं तुमच्या धंद्याचं काम होतं. त्याच्याऐवजी दर हिवाळ्यात तुम्ही दारू थोडी उतरवत गेलात आणि रवा चढवत गेलात. खुशामत करणारे मी पुढे कॉलेजात शिकवताना पुष्कळ पाहिले, पण ती कुणी इतकी तोलून, दाबून भरलेली पाहिली नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मीही जीपमध्ये होते. ठाकुरांचा म्हातारा पागी, म्हणजे जनावराचा माग काढणारा, पहाटेच अंतर मोजून आला होता. नाल्याच्या तोंडापासून ठाकुरांच्या जागेपर्यंत साठ पावलं. रानडुक्कर नेमकं तिथूनच निघालं. ठाकुरांनी त्याच्या खांद्याच्या मागे नेम धरला. गोळी खाली गेली आणि पुढचा पाय मोडला. ते जनावर उरलेल्या तीन पायांवर पागीच्या अंगावर गेलं आणि त्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली. तुम्ही तिथेच त्याचं धोतर फाडून घट्ट बांधलंत, त्याचा जीव वाचवलात. ठाकूर वरून ओरडत होते, "साठ कदम बोला था! अस्सी होंगे! आँखें गईं तेरी!" त्यांनी तिथल्या तिथे त्याला कामावरून काढलं. तुम्ही गाठ आवळत राहिलात.

इस्पितळात मी त्याला डबा नेऊन द्यायची. कुरकूर नाही, शिव्या नाहीत. एकदाच म्हणाला, "बाईसा, साठ ही थे. टाँग गई सो गई, पर लोग कहते हैं पागी को गिनना नहीं आता." मी डबा पुसत होते. तो मी पुष्कळ वेळ पुसला.

आठवड्याने ठाकूर स्वतः आपल्या घरी आले. उरलेलं एक काडतूस त्यांनी टेबलावर उभं ठेवलं. "डाक्टर साहब, वो कसम खाता है. चालीस बरस में उसकी गिनती नहीं चूकी. सच बताइए, भराई में तो कोई कसर नहीं थी?" खरं सांगितलं असतं, तर म्हाताऱ्याचं काम आणि नाव दोन्ही त्याच दिवशी परत मिळालं असतं.

इतकी वर्षं मी ही हकीकत सांगताना, नवऱ्याला, मुलांना, शेवट एकाच वाक्यात उरकते: अण्णा खोटं बोलले. तसं झालं नव्हतं. तुम्ही चष्मा काढलात, खुर्चीतून अर्धवट उठलात आणि म्हणालात, "हुकम, बात यह है कि..." पुढचं मी बोलले. "भराई पूरी थी. मैंने खुद तोली थी."

तुमची थाप ऐकवणार नाही म्हणून मध्ये बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे, तुम्ही सगळं सांगून टाकाल याचीच मला भीती वाटली. त्यापुढचं वाक्य "भरते ती माझी मुलगी" हेच असणार होतं. ठाकुरांनी काडतूस खिशात घातलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि खाली बसलात.

त्यानंतर तुम्ही अठरा वर्षं जगलात. तुमचं ते वाक्य पुढे काय होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.