सावलीतलं चाक

चैत्र वद्य षष्ठी, शके १८७७. चाकण, दिवेलागण.

आमच्या तंबूत सिनेमा सुरू झालाय, पण माझं मन त्या चाकातच अडकलंय. आज सकाळी भोसरीहून जीपमागं ट्रेलर जोडून आलो. ट्रेलरवर सिनेमाला वीज पुरवणारं इंजिन, आणि शेजारी पेट्यांवर वहिनी, तान्ह्याला घेऊन. मोशीपाशी थोरल्या अण्णांनी नेहमीसारखी गाडी थांबवून टायरांना हात लावून पाहिला. ट्रेलरचं डावं चाक चटका बसेल इतकं तापलेलं. त्यांनी लगेच त्यातली हवा सोडली.

"अण्णा, मऊ पडलंय ते. उलट भरायला पाहिजे," मी म्हटलं.

"उन्हानं हवा फुगती. सोडली न्हाई तर टायर फुटंल. गाडी तू चालवतूस का मी?"

मी परत जीपमध्ये जाऊन बसलो. का बसलो?

आत्ता चाक गार झालंय, तर पार बसलंय. आणि मगापासून एकच गोष्ट डोकं खातेय. सकाळी ऊन उजवीकडून होतं. डावं चाक सगळी वाट सावलीत होतं. मग तापलं कशानं? आधीच हवा कमी, वर इंजिनाचा भार, म्हणूनच ना? आणि आम्ही आणखी सोडतोय!

खेळ सुटायच्या आत पंपानं भरून ठेवीन. पण उद्या खेडच्या वाटेवर अण्णा पुन्हा हात लावणार, पुन्हा सोडणार. तेव्हा तरी माझं तोंड उघडेल का?

मगाशी वहिनी म्हणाली, "भावजी, उद्याही मला ट्रेलरवर डावीकडंच बसू द्या. बाळाला तिथं सावली असते."