पहिले घर झाडून घे

जोहान्सबर्ग, डिसेंबर २००५

माय,

तुह्या मारोतीचा लय लांबून दंडवत. मी सुखरूप पोचलो. शेजारची नलू हे वाचून दाखवून राह्यली असंल, तर तिले मधातच थांबव अन् पहिले उठून घर झाडून घे.

विमान म्हणजे तासाभराचं काम, असं मीच तुले सांगतलं होतं. मुंबईहून निघालो अन् नऊ तास नुसता बसून! समोरच्या पडद्यावर आकडा आला, सात हजार किलोमीटर. पांढरकवड्याहून ट्रक घेऊन हैदराबादले धा खेपा जाऊन यावं, तेवढं एका बैठकीत. खाली समुद्र, ना ढाबा ना टपरी. माहा पाय आपोआप ब्रेक शोधत होता.

इथून गावात फोन लागलाच नाही. तू झाडूले हात लावला नसंल, ठाऊक हाय मले. "मढं निघाल्यावर लगोलग झाडतात, पोरगा पोचल्याबिगर नाही," म्हणतंस. अन् भाव नाही म्हणून कापूस घरातच, छताले टेकलेला. त्याच्या धुळीनं बाबाचा खोकला वाढला नाही ना?

इथं काम वणीच्या खाणीसारखंच, डंपर चालवाचा. जेवण बरं हाय.

एक गोष्ट विमानातच ध्यानात आली. उद्या घरून वाईट निरोप आला अन् मी त्याच पावली निघालो, तरी घर गाठाले तीन दिवस. तेवढे दिवस गेलेल्याले कोणी घरात ठेवत नाही.

म्हणून बाबाले दवाई रोज देजो. माह्यामागं खुशाल झाड. त्याच्यामागं घर झाडून घ्याची पाळी मी येईस्तोवर येऊ देऊ नको.

तुहा,
मारोती