गोळी घेतल्यावर बाई काय म्हणाल्या

गुरुवार, १४ तारीख, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

तू बरी असशील. भाचीचे पुढचे दात आले का? मी सोफ्यांच्या कारखान्यात शिलाईवर आहे. बोटांची सुईने चाळण झालीय. कॉलेजचं विचारू नकोस. फोन केला असता, पण आपलं दुसऱ्याच वाक्याला भांडण लागतं आणि सध्या भांडायचं त्राण नाही.

ती मजेत आहे. तीच, जिच्यापायी मी कॉलेज सोडलं असं आई म्हणते. तसं नाही. थोडं तसंच आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडून काळजी घ्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी औषधाच्या दुकानातून ती गोळी आणली, तिने लगेच घेतली. तासाभरात तिला उलटी झाली. "दुकानातल्या बाई काय म्हणाल्या होत्या?" तिने विचारलं.

"असं होतंच म्हणाल्या. काळजी नको."

ताई, बाई असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. त्या "हे बघा, घेतल्यावर..." म्हणून सांगायला लागल्या होत्या. मागे चार माणसं उभी. मला वाटलं, आता उपदेश. "गोळी द्या, शहाणपण नको," म्हणालो आणि निघालो.

तिची पाळी आठ दिवस लांबलीय. ती निवांत आहे, माझ्या शब्दावर. काल म्हणाली, "बाई म्हणाल्यात ना, मग येईल." मला मान वर करवेना.

आज सकाळी त्याच दुकानात गेलो.

"शहाणपण नको म्हणणारे तुम्हीच ना?" बाईंनी ओळखलं. मग शांतपणे सांगितलं. मळमळ, डोकेदुखी, थोडे डाग, पाळी काही दिवस मागेपुढे, एवढं होऊ शकतं. पण दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुकानात किंवा डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा घ्यायची असते. आणि पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर वाट बघत बसायचं नाही, दिवस गेलेत का याची तपासणी करायची.

तपासणीचं पाकीट खिशात आहे. पाच वाजता ती ऑफिसातून सुटते. तपासणीत काहीही येवो, मी खोटं बोललो हे तिला आधी सांगणार आहे. नंतर ती मला दारात उभं करेल असं वाटत नाही.

म्हणून हे पत्र तुला आजच मिळावं म्हणून दाजींच्या ऑफिसात ठेवून जातोय. चिकटवलंय, ते उघडणार नाहीत. मागे तिचा नंबर आहे. डॉक्टरकडे जावं लागलं, तर तिला विचारून तू सोबत जा. माझी बाजू मांडू नकोस. पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

तिला सांगायला निघालेला,
तुझा भाऊ