तुझ्या गावच्या नर्सबाई

अनुसयाताई, तुला आणि आईला पांडेसऱ्याहून मनापासून जय भीम.

आम्ही बरे आहोत. ह्यांना मिलमध्ये दिवसपाळी मिळाली. माझी चक्कर कमी आहे, आईला तसंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

नर्सबाई घरी येऊन तुझं बीपी बघतात, चहा घेऊन जातात, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून मला तुझा हेवा वाटतोय. इथला सरकारी दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे, पण मी साड्यांच्या घड्या घालायला जाते तेव्हाच तो उघडा असतो. परवा खाडा करून गेले. गुजराती धड येत नाही म्हणून शेजारच्या जागृतीला नेलं. डॉक्टरबाई सगळं तिच्याशीच बोलल्या, हसल्या. चक्कर मला आणि विचारपूस तिची. फार राग आला.

शेवटी मीच म्हणाले, "बेन, मने चक्कर आवे छे."

त्या माझ्याकडे वळल्या. कधीपासून, ते मलाच विचारलं. बीपी बरंच वाढलंय. गोळ्या रोज घ्यायच्यात. हे आईला नको सांगूस.

सोमवारी परत बोलावलंय. मी एकटीच जाणार आहे. जागृतीला कळूही दिलेलं नाही.

तुझी धाकटी,
चैताली