मावशींचे दोन महिने

२८ मार्च

चि. हिशोब्यास,
अ. उ. आ.

वर्षअखेर आली आणि सगळ्या शाळा उरलेली तरतूद उडवायला सुटल्या आहेत. शेजारच्या शाळेत एका वर्गात तीन घड्याळं झाली म्हणे. मी मात्र मदतनीस या सदरातले दोन महिन्यांचे पैसे जसेच्या तसे तुमच्या शिक्षण कार्यालयाला परत पाठवले.

आमच्या शाळेच्या मदतनीस मावशी पायाच्या ऑपरेशनसाठी बिनपगारी रजेवर होत्या. बदली बाई घेता आली असती, पण म्हटलं कशाला? सातवीतल्या चिमणीला चाकाच्या खुर्चीतून उचलायचं, स्वच्छतागृहात न्यायचं, परत बसवायचं. मुख्याध्यापिकेच्या हातांना काय मेंदी लागली आहे? दिवसाला तीन खेपा केल्या. चिमणी म्हणते, मावशी उचलताना गाणं म्हणतात आणि मी उचलताना कण्हते.

आई असती तर तिने पाठ थोपटली असती. आता ते काम तुझ्याकडे.

तुझी ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

थोपटली. साहेबांनी सगळ्यांदेखत तुझ्या शाळेचं नाव घेतलं आणि बाकीच्यांनी शिकावं असं बजावलं. मी तुझा भाऊ असल्याचं लगेच सांगून टाकलं, फुकटचा मोठेपणा कोण सोडतो?

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाने जीव खाल्ला आहे. शिक्षकांचे पगार, बस, गळकी छपरं, पुस्तकं. अंथरूण तेवढंच आणि पाय दर वर्षी वाढलेले. कंबर शेकत जा. तुझं वय आता पोरी उचलायचं नाही.

असाच जीव लावत राहा.

हिशोब्या

११ जून

चि. हिशोब्यास,
अ. उ. आ.

शाळा उघडली आणि मंजूर पदांची यादी आली. मदतनीस: शून्य. चूक असेल म्हणून तुमच्या साहेबांना दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा ते बैठकीत होते.

मावशी पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर. अकरा वर्षांची नोकरी संपल्याचं मी त्यांना दारातच सांगितलं. त्यांनी चिमणीशेजारी बसून डबा खाल्ला आणि घरी गेल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

काय झालं ते सरळ लिही. गोल गोल नको.

ताई

१७ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

सरळ लिहितो. ज्या पदावर सलग साठ दिवस खर्च पडला नाही, ते गरजेचं नाही असं धरायचं, असा नियम आहे. अशा पदांची यादी मीच केली. यादीत शाळांची नावं नसतात, क्रमांक असतात. पण खोटं कशाला बोलू, तुझ्या शाळेचा क्रमांक मला पाठ आहे. तूच पैसे परत केलेस, म्हणजे तुला पद नको असेल असं वाटलं. एका फोनचं काम होतं. मी केला नाही.

घड्याळवाल्या शाळेला गेल्या वर्षीपेक्षा जास्त मिळालं. दाद मागायची मुदत मेअखेर संपते आणि याद्या शाळांत जूनमध्ये पोचतात. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी पद पुन्हा मागता येईल, तोवर शाळेने आपल्या पातळीवर व्यवस्था करावी असं साहेब म्हणतात.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

हिशोब्या

२ ऑगस्ट

चि. हिशोब्यास,
आशीर्वाद.

व्यवस्था केली होती. तेरा दिवस मी उचललं, चौदाव्या दिवशी कंबर धरली. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. मग शिक्षिकांनी पाळ्या लावल्या, पण तास सोडून यायचं म्हणजे त्यांच्या कपाळावर आठ्या, आणि चिमणीला आठ्या वाचता येतात.

परवा गणिताच्या तासाला तिला चक्कर आली. मैत्रिणीने सांगितलं की ती सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. महिना झाला म्हणे. कोणाला उचलायला लागू नये म्हणून. मी जवळ बसून विचारलं, तर तिने माझ्याच कंबरेची चौकशी केली. लाजेने मेले मी.

काल तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. भांडले असते तर सोसलं असतं. त्यांनी माझे आभार मानले. कारणाच्या रकान्यात आपण 'पालकांची इच्छा' असं लिहितो, त्यांनीही तेच लिहायला सांगितलं. मी लिहिलं: मुख्याध्यापिकेने पैसे वाचवले. खाली सही केली, शिक्का मारला.

दाखल्याची प्रत पटसंख्येच्या दुरुस्तीसाठी तुझ्याच टेबलावर येईल. खोडू नकोस.

लोभ आटलेला नाही, पण इतक्यात मागू नकोस.

ताई